भेद आढळला नाही

लातूर,
रविवार, ७ सप्टेंबर १९८६

दादा,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. अर्धं वाचता आलं, उरलेलं अंदाजाने लावून घेतलं. वायरमनने खांबावर बसून पत्रं लिहू नयेत, असा तुमच्या वीज मंडळात काही नियम नाही का? मायचा खोकला कमी झाला एवढं नीट कळलं, तेवढ्यावर समाधान मानलं. छोट्या पंचशीलाला म्हणावं, आत्याने तिच्यासाठी रंगीत खडू घेऊन ठेवलेत. चांगुणावहिनीला नमस्कार.

इकडे पावसाने पाठ फिरवली ती फिरवलीच. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली, पाट्या सगळ्या नव्या झाल्या, नळ मात्र जुनेच. टँकर आला की शहाणीसुरती माणसं घागरीने एकमेकांची डोकी फोडायला निघतात. करडईचं पीक तर यंदा धरूच नका असं सगळे म्हणतात, आणि आमची तेलाची फॅक्टरी करडईवरच चालते.

पंधरा ऑगस्टला तू न सांगता आलास आणि ऐन झेंडावंदनाच्या गर्दीत 'जयभीम, साहेबीणबाई!' म्हणून ओरडलास. मला इतका आनंद झाला की राष्ट्रगीताला उभं राहायचं सोडून मी हसत सुटले. सगळ्यांशी तुझी ओळख करून दिली ना? जाताना तू विचारलंस, 'बाई, तू हितं नेमकं करतीस तरी काय?' बस सुटायला आली होती, म्हणून सांगायचं राहिलं. आता ऐक.

मी माणसांना तेल चाखायला देते. हसू नकोस. एका ताटात तीन वाट्या असतात. दोन वाट्यांत एकच तेल, तिसरीत वेगळं. सोबत भाकरीचा तुकडा. चाखणाऱ्याने एवढंच सांगायचं, वेगळी वाटी कोणती. 'कळत नाही' म्हणायची सोय नाही, कोणत्या तरी वाटीवर बोट ठेवलंच पाहिजे. आता गंमत बघ. काही न कळता नुसतं बोट ठेवलं तरी तीन वेळांत एकदा बरोबर येणारच. फॅक्टरीतलीच दहा माणसं मी निवडली आहेत, प्रत्येकाला तीनदा चाखायला लावते. म्हणजे तीस उत्तरं. त्यातली दहा नुसत्या नशिबाने बरोबर यायची. त्याहून जास्त आली तर समजायचं, जिभेला काहीतरी कळलं. किती कळलं, हे काढायचं सूत्र आहे. त्यासाठी मला एम.एस्सी. करावं लागलं आणि पंधरा दिवस म्हैसूरला प्रशिक्षणाला राहून इडली खावी लागली.

करडई मिळत नाही म्हणून मालकांनी मागच्या वर्षीची गोदामात भिजून काळी पडलेली करडई गाळून घेतली आहे. ते तेल चांगल्या तेलात मिसळायचं आहे. यंत्रात घालून त्याचा वास काढतात, पण कडवटपणा मागे राहतो, घास गिळताना घशाशी कळतो. जुलैत मी ते मिश्रण चाखायला दिलं तर तीसपैकी बावीस उत्तरं बरोबर आली. सूत्र मांडलं. अठरा वेळा जिभेला खरंच कळलं होतं, उरलेल्या बारांत चार नशिबाने लागली. आमचे मॅनेजर शेषेराव साहेब तोंड वाकडं करून गेले आणि तेल पुन्हा शुद्ध करून आणलं.

परवा त्याची चाचणी झाली. तीसपैकी दहा. बरोबर दहा! म्हणजे कुणालाच काही कळलं नाही. साहेब खूश आहेत. मी नाही. कारण मी स्वतः चाखलं तर कडू लागतं. पण कोणत्या वाटीत काय आहे हे मला माहीत असतं, म्हणून माझी जीभ हिशेबात धरत नाहीत.

मला वाटतं, गडबड तीन आकड्याची आहे. पॅकिंगमधल्या गुणाबाई पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, 'तीन तिगाडा काम बिघाडा, बाई. जेवणाऱ्याच्या ताटात तीन वाढू नयेत.' एखादी वाटी ही माणसं चाखतच नसतील, मनात शंका धरून. माझ्या शास्त्राला म्हैसूरपासून इथपर्यंत कुणी हरवलं नाही, ते आपल्या म्हणीने हरवलं म्हणायचं! आता मी दोनच वाट्या ठेवणार आहे.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. दोन घासांच्या मधे चूळ भरायला मी एक घागर पाणी ठेवते. आधी ती रिकामी व्हायची, आता भरलेलीच राहते. दुष्काळात माणसं किती शहाणी होतात बघ.

मायने तुझ्याबरोबर दिलेले धपाटे ऑफिसात टेबलावर ठेवले होते. त्या दिवशी सगळ्यांची एकादशी निघाली. मलाच चार दिवस पुरले.

चाचणीचा रिपोर्ट मराठीत द्यायचा असतो. इंग्रजी पुस्तकात या चाचणीला जे नाव आहे त्याचं मी 'भेद-चाचणी' केलं. शेवटी एक ओळ लिहायची, 'भेद आढळला' किंवा 'भेद आढळला नाही'. छान वाटतं ना?

तुझी लाडकी (तू म्हण वा म्हणू नकोस),
सिंधु


लातूर,
रविवार, ५ ऑक्टोबर

दादा,

जयभीम. दोन पत्रांना उत्तर दिलं नाही म्हणून रागावलास. रागव. कामाची गडबड आहे.

धम्मचक्रदिनाला नागपूरला मला येता येणार नाही. रजा शिल्लक आहे, पण डिसेंबरात मला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे, आत्ता रजा मागणं बरं दिसत नाही. मायला तूच नीट घेऊन जा. गर्दीत तिचा हात सोडू नकोस, मागच्या खेपेला हरवली होती आणि वर आपल्यालाच रागावली.

दोन वाट्यांची चाचणी केली. कोणती जास्त कडू, एवढंच विचारलं. इथे नशिबाने निम्मी बरोबर यायला हवीत, तीसपैकी पंधरा. चौदा आली. म्हणजे तीन तिगाड्याचा काही दोष नव्हता. गुणाबाईंची म्हण उगीच बदनाम केली.

ते जाऊ दे.

जेवायला आजकाल मी माझ्या खोलीतच बसते. एकटं बसलं की वाचन होतं. टायपिस्ट उमादेवी आधी डबा घेऊन माझ्याकडे यायच्या, त्यांना आता काम वाढलंय.

चाकूरला लाइनचं काम निघालंय, तिथून लातूरला चक्कर मारीन असं तू लिहिलंस. येऊ नकोस. म्हणजे, येऊ नकोस असं नाही. आत्ता येऊ नकोस. मी फॅक्टरीत असते, तुला नुसतं फाटकाशी बसावं लागेल. मीच येईन.

परवा टँकर आला नाही. पॅकिंगच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उन्हात उभ्या होत्या. माझ्या खोलीतली घागर काठोकाठ भरलेली. मी म्हटलं, ही घेऊन जा, वाया जातीय. एकीने दुसरीकडे पाहिलं. म्हणाल्या, 'ऱ्हाऊ द्या बाई.' संध्याकाळी मी ते पाणी लिंबाच्या झाडाला घातलं. भर दुष्काळात झाडाला पाणी घालणारी बाई म्हणून लोक माझ्याकडे बघत होते.

काय लिहीत होते मी? हां. पंचशीलाचे दात पडायला लागले का? पडला की फेकू देऊ नकोस, मला बघायचाय.

तेलावर साहेबांना रिपोर्ट हवा आहे. मी अजून दिला नाही. एक चाचणी राहिली आहे म्हटलं.

तब्येत चांगली आहे. काळजी करू नकोस.

सिंधु


लातूर,
रविवार, १६ नोव्हेंबर

दादा,

जयभीम.

हे पत्र आधी तू एकट्याने वाच. मग ठरव मायला काय सांगायचं ते. आणि वाचून झालं की लगेच बस पकडू नकोस, एवढं वचन आत्ताच दे.

चाखायच्या खोलीत आणि माझ्या खोलीत एक लाकडी भिंत आहे. तिला झडप आहे, तिच्यातून मी ताट आत सरकवते आणि झडप लावून घेते. चाखणाऱ्याने माझा चेहरा बघू नये, मी त्याचा बघू नये, असा नियम आहे. दिवाळीनंतर मी तो मोडला. झडप बोटभर उघडी ठेवली.

गुणाबाई होत्या आत. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तेलात बुडवला, नाकाशी नेला आणि पदरात टाकला. दुसरा तुकडा, तसंच. मग कागदावर एका वाटीपुढे फुली मारली. त्यांच्यानंतर स्टोअरचे व्यंकटराव आले, त्यांनी तुकडे खिशात टाकले. त्यांच्यामागून आणखी एक. दहाच्या दहा जणांना मी बघितलं. तेलाचा वास तर यंत्रानेच काढलेला, मग नाकाला काय कळणार? चाखलंच नाही तर चूळ तरी कशाला भरतील? मी आपली म्हणत होते, दुष्काळात माणसं शहाणी झाली!

तुला कळलं असेलच, दादा. तुला पहिल्या पत्रातच कळलं असेल. धपाट्यांचं वाचून तू काही बोलला नाहीस, त्याचा अर्थ मला आता लागतो.

आपलं आडनाव सूर्यवंशी, मराठ्यांतही असतं आणि आपल्यातही, दोन्हीकडे चालतं. इथे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी लपवलं नव्हतं. जुलैपर्यंत ही माणसं माझ्या हातचं खात होती, घशाशी कडू लागतं म्हणून माझ्याशी भांडतही होती.

गुणाबाईंना मी थांबवून विचारलं. सरळच विचारलं.

'तुमचा भाऊ येऊन गेला तवापासून, बाई,' म्हणाल्या. 'कुणी ठरवलं न्हाई काही. एकानं टाकलं, दुसऱ्यानं बघितलं. मग समदेच तसं करू लागले. तुमच्याबद्दल वाईट कुणीच बोलत न्हाई. लई गुणाची पोर हाय म्हणतेत.'

'मग?'

'मग काय? घरी सासू हाय, गाव हाय. उद्या पोरीचं लग्न करायचं हाय.'

तुझ्या येण्यानं हे झालं असं मनातसुद्धा आणू नकोस. आणलंस तर मी तुझ्याशी कायमची बोलणार नाही. तू आलास आणि मोठ्याने बोललास, ते मला आजही आवडतं. तूच म्हणतोस ना, खांबावर चढलो की कुणी जात विचारत नाही, लाइट लागून खाली उतरलो की विचारतात. मी तुझ्या या बोलण्यावर हसायची. मला वाटायचं, शिकलं की माणूस खांबावरच राहतो. मला फार वाईट वाटलं, दादा. रडले. मग रडून झाल्यावर राग आला, आणि राग आला की मला गणित सुचतं हे तुला माहीत आहे.

मी उमादेवींना विनंती केली, वाट्या तुम्ही मांडा, ताट तुम्ही सरकवा, मी त्या दिवशी फॅक्टरीत पाऊलसुद्धा टाकणार नाही. त्या तयार झाल्या. तेच तेल, तीच दहा माणसं, भाकरी पहिल्यासारखीच गुणाबाईंच्या घरची. फक्त हात दुसरा. तीसपैकी वीस बरोबर आली. म्हणजे पंधरा वेळा जिभेला खरंच कळलं. घागर दुपारीच रिकामी झाली.

तेल कडू आहे. दोनदा शुद्ध करूनही कडू आहे. डब्यात महिनाभर राहिलं की खवट होणार. तुमच्या भोकरच्या बाजारातही आमचाच डबा जातो. यंदा पावसाने मारलेलं घर महिन्याचा एकच डबा घेईल आणि तो टाकून देता येणार नाही म्हणून तसाच खाईल.

दोन्ही आकडे घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी दुसरा कागद उलटा करून ठेवला.

'पहिलाच आकडा पाठवा, मॅडम. तीसपैकी दहा. भेद आढळला नाही.'

'तो खरा नाही, साहेब.'

'खोटा हाय का? तुम्हीच काढलाय ना? मी एक बी आकडा बदलायला लावून राहिलो का तुम्हाला?' अगदी शांतपणे बोलत होते. 'आता दुसरा पाठवायचा तर का बदलला ते लिवावं लागल. लिवता? तुमचंच हसू होईल. कशाला बाई, तुम्ही शिकलेल्या. हितून फुडं वाढायचं उमादेवी करतील, तुम्ही गणितं करा. डिसेंबरात तुमची कायमची ऑर्डर काढतो. कामाशी काम.'

मी उठून आले. जिन्यात थांबले आणि तेव्हा मला नीट कळलं, त्यांचं सगळं गणित कशावर उभं होतं. मी लाजेन आणि गप्प बसेन, यावर. माझ्या लाजेवर ते तेल विकलं जाणार होतं.

मी लिहिलं, दादा.

आमच्या सूत्रात माणसं दोनच प्रकारची असतात. एक, ज्याला कळतं. दुसरा, ज्याला कळत नाही आणि तो अंदाजाने बोट ठेवतो. सूत्र बनवणाऱ्याने गृहीतच धरलं आहे की वाटी पुढे ठेवली की माणूस चाखणारच. बिचारा आपल्या मुलखात कधी आला नसावा. मी त्या सूत्रात एक अक्षर वाढवलं. समोर ठेवलेलं जे चाखतच नाहीत, त्यांच्यासाठी. आणि खाली साध्या मराठीत लिहिलं:

'पुन्हा शुद्ध केलेल्या तेलाच्या पहिल्या दोन चाचण्यांत भेद आढळला नाही, कारण चाखणाऱ्यांनी तेल चाखलं नाही. चाखलं नाही, कारण वाढणारी बौद्ध आहे हे त्यांना पंधरा ऑगस्टला समजलं. वाढणारी बदलल्यावर तेलात भेद आढळला. हे तेल मिसळू नये.'

उमादेवींनीच टाइप केलं. 'बौद्ध' शब्दाशी त्यांचे हात थांबले. मला म्हणाल्या, 'असंच ठेवू?' मी म्हटलं, असंच. मग त्यांनी एकही चूक न करता पान पूर्ण केलं, कार्बन काढून माझ्या हातात दिला, आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना काय वाटलं ते मी विचारलं नाही.

उद्या सकाळी सही करून देणार आहे. एक प्रत साहेबांना, एक मालकांना. नोकरी राहील असं मला वाटत नाही. तू गावभर सांगत फिरलास, आमची सिंधु लातूरला साहेबीण आहे, आता लोक विचारतील तेव्हा तुला मान खाली घालावी लागेल का, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. नोकरीची एवढी नाही. मला हे काम फार आवडत होतं. सकाळी वाट्या पुसून ओळीत मांडताना मला देवाचीसुद्धा गरज वाटायची नाही, आणि तशी ती आपल्याला नाहीच म्हणा.

आता एकच गोष्ट राहिली.

काल शनिवारी सगळे गेल्यावर गुणाबाई परत आल्या. दार लोटून घेतलं. टेबलावर वाट्या होत्या, ताटात भाकरी होती. मला काही न विचारता त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, 'द्या, बाई.'

मी माझ्या हाताने भाकरी मोडली, तेलात बुडवून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी खाल्ली. सावकाश चावली, गिळली. मग घागरीतून पेलाभर पाणी घेतलं आणि प्याल्या, चूळ नाही भरली, प्याल्या. 'कडूच हाय की वो,' म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं, माझ्याही होतं. जाताना उंबऱ्याशी थांबल्या. 'मी खाल्लं ते कुटं लिवू नका. तुम्हाला हात जोडते.'

नाही लिहिलं. लिहिताही येत नाही. चाचणीत त्यांनी चाखलं नव्हतं हे खरंच आहे, आणि दार लोटून खाल्लेला घास माझ्या शास्त्रात धरत नाहीत. म्हणून जे चाखतच नाहीत त्यांच्या रकान्यात मी दहापैकी दहा लिहिलं आहे.

नऊ लिहायची फार इच्छा होती, दादा.

तुझी बहीण,
सिंधु